अकरा ते चार मौन

धाकट्यानं तोंड उघडलं तेव्हा अकराला एक मिनिट कमी होतं, आणि पुढचा सगळा घोटाळा त्या एका मिनिटानं केला.

सेमिनरीच्या, म्हणजे फादर घडवणाऱ्या शाळेच्या, भेटीच्या खोलीत चार खुर्च्या होत्या आणि चारही या घरानं अडवल्या होत्या. काका दाराजवळ बसले होते, कारण कुठेही गेलं तरी पटकन निघता यावं असं त्यांना वाटतं. आत्या भिंतीवरच्या क्रुसाखाली होती, बोटांत जपमाळ. आजोबा खिडकीशी. मधल्या खुर्चीत आई, मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात. धाकटा समोर उभा होता. अंगात पांढरा झगा, मानेशी विरलेली कॉलर, पायांत वडिलांचे बूट.

"आज पाच वाजता रेक्टर आमचे दीक्षेचे अर्ज घेऊन बिशपांकडे जाणार," तो म्हणाला. "ज्याचा अर्ज नाही त्यानं उद्या सामान बांधायचं. मी सहा महिने विचार केलाय. आणि आई, मी..."

इथे त्यानं घड्याळ पाहिलं, आणि कुणाला काही कळायच्या आत तो खोलीबाहेर गेला. अंगणातल्या घंटेचे पाच ठोके पडले. मग तो परत आला, चौघांना मान लववून नमस्कार केला, आणि तोंड मिटून उभा राहिला.

"आणि तू काय?" काकांनी विचारलं.

धाकट्यानं त्यांच्याकडे मोठ्या प्रेमानं पाहिलं आणि काहीही सांगितलं नाही.

प्रत्येक महिन्याचा तिसरा रविवार इथे मौनाचा असतो, अकरा ते चार. नियम असा की घंटेचा पहिला ठोका पडला की तोंडातला शब्द अर्धा असेल तर अर्धाच सोडायचा, आणि लिहिता लिहिता अक्षर अर्धं राहिलं तर तेही तसंच ठेवायचं. खाणाखुणाही करायच्या नाहीत. घंटा वाजवायची पाळी महिन्यामहिन्यानं फिरते आणि या महिन्यात ती धाकट्याची होती. म्हणजे जगात दुसऱ्या कुणी त्याला गप्प केलं नव्हतं. भर वाक्यात उठून त्यानं स्वतःच स्वतःच्या तोंडाला कुलूप लावलं होतं, आणि ते आता चार वाजता तोच उघडणार होता.

वास्तविक सेमिनरीच्या मुख्यांनी, म्हणजे रेक्टरांनी, या घराला नऊची वेळ दिली होती. पण काकांनी घरच्या कारखान्याची गाडी काढली, आणि गाडी निघालीच आहे तर वाटेत एक शवपेटी पोचवून टाकू म्हणाले. त्या घरच्या सुनेला कड्या पितळी हव्या होत्या आणि काकांनी लोखंडी लावल्या होत्या. सासऱ्यांचा जन्म गेला पण त्यांनी कधी लोखंड हाताळलं नाही, असं ती म्हणत राहिली. कड्या बदलून होईपर्यंत साडेदहा झाले. मग चौघं पुढच्या सीटवर दाटीवाटीनं बसून, गाडी पिटाळत इथे आले. त्यामुळे आत्या सकाळपासून काकांशी बोलत नव्हती, आणि आता तर बोलायला विषयही मिळाला होता.

धाकटा निघून गेला. जाताना त्यानं आईच्या खुर्चीला हात लावला, पण त्यातून काही अर्थ निघेना.

*

या घरातून सेमिनरीत गेलेला धाकटा हा तिसरा. पहिले आजोबा. ते चौथ्या वर्षी बाहेर पडले, कारण त्यांना आजी दिसली. दुसरे काका. ते आठ महिन्यांत परत आले, आणि कारण विचारलं की शेजारच्या खाटेवरचा घोरायचा एवढंच सांगत. गल्लीत या घराला लोक ‘परतीचं तिकीट’ म्हणत. आत्या पंचवीस वर्षं शाळेत हेडबाई होती, तिनं हजारभर पोरं सरळ केली, पण घरातला एक माणूस वेदीपर्यंत पोचवणं तिला जमलं नव्हतं. ते तिच्या मनाला फार लागलेलं होतं.

काकांचं दुखणं वेगळं. त्यांना दोन मुली. एक डॉक्टर, एक वैमानिक, आणि दोघींनाही रंध्याचा आवाज सहन होत नाही. तीन पिढ्यांचा शवपेट्यांचा कारखाना कुणाच्या हातात द्यायचा हा प्रश्न त्यांना जेवू देत नव्हता. धाकटा बारा वर्षांचा होता तेव्हाच त्यानं जोडलेला सांधा असा बसायचा की खिळा मारायची गरज पडत नसे. असा हात देवानं नुसता आशीर्वाद द्यायला दिला असेल, हे काकांना पटत नव्हतं.

स्वयंपाकघराबाहेरच्या बाकावर चौघांना बसवलं, तिथे आचारी भेटला. तो संसारी माणूस, मौन त्याला लागू नव्हतं. उलट, चौदा पोरं आणि एक रेक्टर गप्प बसले की त्याची जीभ सैल सुटायची. कांदे सोलता सोलता त्यानं विचारल्याशिवायच सगळं सांगितलं. कोण झोपेत लॅटिन बोलतो, कोण साबण चोरतो, कोण चॅपलमध्ये डोळे मिटून खरी प्रार्थना करतो आणि कोण नुसते डोळे मिटतो. धाकट्याबद्दल तो म्हणाला, पोरगं सोन्यासारखं आहे, गेल्या आठवड्यात त्यानं लायब्ररीची सगळी पुस्तकं परत केली.

"ऐकलंस?" काका सकाळपासून पहिल्यांदा आत्याशी बोलले. "पुस्तकं परत केली. म्हणजे बाडबिस्तरा आवरला."

आत्याचा चेहरा उतरला. पण आचारी पुढे म्हणाला की त्यानं बुटांना नवे तळही बसवून घेतलेत, जाड, दोन वर्षं टिकतील असे.

"जो जाणार तो कशाला तळ बसवेल?" आत्यानं विचारलं.

काका म्हणाले, चालत घरी यायला. मग आचाऱ्यानं सांगितलं की पोरानं आपली उशी पहिलवानाला देऊन टाकली. पहिलवान म्हणजे खालच्या गावचा एक ब्रदर, इथलाच विद्यार्थी, आखाड्यातून थेट इथे आलेला, त्याची मान अवघडते. आता उशीचा अर्थ काय लावायचा यावर पाऊण तास गेला. आत्याच्या मते तो त्याग होता, म्हणजे मुलगा पक्का. काकांच्या मते माणूस जाताना उशी देऊन जातो. आजोबा म्हणाले की त्यांच्या वेळी उशाच नव्हत्या. आत्यानं आईला विचारलं, तुला काय वाटतं गं, तेव्हा ती जे नेहमी म्हणते तेच म्हणाली, की देवाची जशी इच्छा असेल तसं होईल.

आईबद्दल एक सांगायला हवं. ती कारखान्यात पेट्यांची अस्तरं शिवते. पांढरी सॅटिन, कडेला बारीक चुण्या, हातशिलाई. आतल्या माणसाला टोचू नये म्हणून गाठ नेहमी बाहेरच्या बाजूला घेते. नवरा गेला तेव्हा त्याचंही अस्तर तिनंच शिवलं. त्यानंतर दोन महिन्यांनी धाकट्यानं सेमिनरीत जाऊ का असं विचारलं, तेव्हा ती म्हणाली होती, देवाची इच्छा. तेव्हापासून ती तेच म्हणत आली, आणि घरात सगळ्यांनी धरून चालायला सुरुवात केली की तिला स्वतःची अशी इच्छाच नाही.

*

साडेबाराला सहा ठोके पडले. ते जेवणाचे. पाहुण्यांना कोपऱ्यात वेगळं टेबल होतं, पण तिथे मौन त्यांनाही पाळायचं होतं. उंच टेबलामागे एक ब्रदर मोठ्यानं वाचत होता, कारण जेवताना फक्त वाचणाऱ्यालाच आवाज असतो. या ब्रदरला सगळे वकील म्हणत. तो कायद्याचं शिक्षण सोडून आला होता आणि कुठल्याही नियमात त्याला तीन पोटकलमं दिसत. आज तो अशा एका संताचं चरित्र वाचत होता ज्यानं म्हणे चाळीस वर्षं एकाच स्टुलावर बसून काढली. वकील ते वाचताना दर वाक्याला थांबत होता, जणू त्याला साक्षीदारावर विश्वास नव्हता.

आईनं ताटाकडे पाहिलं नाही. तिनं पोरांकडे पाहिलं.

कुणीच काही मागत नव्हतं. मागायचंच नाही असा नियम. आपल्याला मीठ हवं असेल तर ते शेजाऱ्याच्या लक्षात यायला हवं, आणि त्याला पाणी हवं असेल तर ते आपल्या. त्यामुळे चौदाही जण स्वतःच्या ताटात कमी आणि शेजाऱ्याच्या ताटात जास्त बघत होते. एकाचा गाल सुजलेला होता, दाढ दुखत असावी. धाकट्यानं पावाचा मऊ भाग काढून सूपमध्ये भिजवला आणि वाटी त्याच्यापुढे सरकवली. त्या मुलानं मानही हलवली नाही, नुसता खाऊ लागला.

मग धाकट्याच्या ताटात उकडलेले बटाटे आले, सालीसकट. साल त्याच्या घशाखाली उतरत नाही. लहानपणी ती चुकून पोटात गेली तर तो अर्धा दिवस रडायचा. हे जगात फक्त आपल्याला माहीत आहे असं आईला इतकी वर्षं वाटत आलं होतं. शेजारी बसलेल्या पहिलवानानं आपले राकट हात पुढे केले, धाकट्याचे दोन्ही बटाटे उचलले, नखानं साली काढल्या, बटाटे परत ठेवले आणि साली स्वतः खाल्ल्या. कुणी कुणाकडे पाहिलं नाही. हे रोजचंच होतं.

आईला त्या पहिलवानाचा राग आला, असा की आपली आपल्यालाच लाज वाटावी.

*

दुपारी बाकावर पुन्हा भांडण पेटलं. पण या वेळी त्यात एक मौज होती आणि ती भांडणाऱ्या दोघांच्याही लक्षात आली नव्हती.

काकांचं असं झालं की जेवण झाल्यावर ते जरा एकटे फिरून आले. मुलगा परत येणार हे त्यांनी मनात पक्कं धरलं होतं. कुठला रंधा त्याला द्यायचा, कुठल्या खिडकीखाली त्याचं बाक लावायचं, सगळं ठरवून टाकलं. मग त्यांना त्याचं गल्लीतलं येणं दिसलं. हातात बॅग, आणि दोन्ही बाजूंच्या दारांत उभी माणसं. काका परत आले होते त्या वर्षी लोक मुद्दाम कारखान्यात यायचे, पेटीचा भाव विचारायचे आणि त्यांचं तोंड बघून जायचे. एकानं तर त्यांना फादर समजून पापकबुली द्यायचा आव आणला होता. घोरणाऱ्या सोबत्याची गोष्ट काकांनी त्याच आठवड्यात रचली. खरं कारण त्यांनी अजून कुणाला सांगितलेलं नाही, आणि या प्रकरणातही ते सांगणार नाहीत.

आत्या तेवढ्या वेळात तारेवर वाळत घातलेले झगे बघत होती. धाकट्याच्या दुसऱ्या झग्याची कॉलर तिनं ओळखली, कारण ती आजीनं काकांसाठी शिवली होती आणि नंतर दोनदा उसवून जोडली होती. मग तिला धाकट्याचे हात आठवले. कुदळीनं भेगाळलेले. मनगटं केवढीशी झाली होती. गेलेल्या भावाची मनगटंही शेवटच्या वर्षी अशीच झाली होती. आत्या पटकन तिथून निघाली.

म्हणून अडीच वाजता परिस्थिती अशी होती की काका तावातावानं सांगत होते, मुलानं इथेच राहिलं पाहिजे, घेतला वसा टाकायचा नसतो, आणि आत्या तेवढ्याच तावानं सांगत होती की पोर वाळून गेलंय, देवाला काय कमी माणसं आहेत, त्याला घरी न्या. दोघांचा आवाज सकाळइतकाच चढलेला होता. हातवारेही तेच होते. फक्त बाजू बदलल्या होत्या, आणि दोघंही एकमेकांना हट्टी म्हणत होते.

आईला ते कळलं. पण मध्ये पडून सांगावं तर दोघंही एक होऊन तिच्यावर आले असते, म्हणून ती मूग गिळून बसली.

आजोबा मात्र कंटाळले. बावन्न वर्षं त्यांनी लाकडाशी व्यवहार केला होता आणि लाकूड एवढं बोलत नाही. शिवाय चार वाजायला अजून दीड तास होता आणि त्यांना गाडीत पाय दुमडून परत जायचं होतं. त्यांच्या तरुणपणी घंटेची पाळी त्यांच्याकडेही असायची. मौन सुटायचे ठोके चार, हे ते झोपेतही सांगू शकले असते. मौन सुटलं की पोरगं वाक्य पुरं करेल, आणि वाक्य पुरं झालं की ही दोघं गप्प बसतील. एवढा साधा हिशेब. घंटेशेजारी भिंतीवर ठोक्यांचा तक्ता चिकटवलेला होता, पण चष्मा गाडीत राहिला होता, आणि साठ वर्षांत देवाच्या घरी काही बदललं असेल असं आजोबांना वाटलं नाही.

त्यांनी चार ठोके दिले.

सगळीकडची दारं उघडली. चौदा ब्रदर बाहेर आले, झपाझप अवजारांच्या खोलीकडे गेले, कुदळी घेतल्या आणि मागच्या वाफ्यात ओळीनं खणायला लागले. त्यांच्यामागून रेक्टर आले. साठीचा माणूस, दुपारची झोप मोडून, पायांत नुसते मोजे, खांद्यावर फावडं. चार ठोके आता अंगमेहनतीचे होते.

इथे कुणी विचारेल की रेक्टरांनी हे थांबवलं का नाही. तर त्यांनी स्वतःच मागच्या वर्षी नियम लिहिला होता की घंटा कुणी वाजवली, बरोबर वाजवली की चूक, हे मौनात विचारायचं नाही. आधी पाळायचं, मग चारनंतर बोलायचं. हा नियम वकिलामुळे करावा लागला होता. तो दर मौनाच्या रविवारी घंटा वाजवणाऱ्याच्या घड्याळाला आव्हान द्यायचा. आता रेक्टर आपल्याच नियमाच्या खड्ड्यात उभे राहून खणत होते, आणि खणता खणता वकिलाकडे बघत होते.

आजोबांना वाटलं, मग तीन असतील. त्यांनी तीन दिले. पोरांनी कुदळी होत्या तिथे टाकल्या, नळावर रांगेत हात धुतले आणि चॅपलमध्ये जाऊन गुडघे टेकले. आजोबांनी थोडा वेळ वाट पाहिली. कुणी बोलेना. त्यांनी सहा दिले. आचारी नुकतीच भांडी घासून पाय पसरून बसला होता, त्याच्यासमोर पंधरा माणसं येऊन रिकाम्या ताटांपुढे हात जोडून बसली. त्यानं बरंच काही म्हटलं, ते इथे छापता येणार नाही. मग उरलेल्या सूपमध्ये गरम पाणी ओतून त्यानं ते वाढलं. वकील उंच टेबलामागे गेला आणि पुस्तक उघडून स्टुलावरच्या संताचं एकविसावं वर्ष वाचू लागला.

तेवढ्यात काका धावत आले. त्यांनी सांगितलं, बाबा, तुमचं सगळं जुनं, माझ्या वेळी मौन दोन ठोक्यांनी सुटायचं. आणि आजोबांच्या हातून दोरी घेऊन त्यांनी दोन दिले.

दोन ठोके म्हणजे कुणीतरी आजारी पडलंय.

चौदा जण सूप सोडून उठले. दोघांनी स्ट्रेचर आणलं, एकानं औषधांची पेटी, एकानं पाण्याची बाटली. अंगणात येऊन ते आजारी माणूस शोधू लागले. विचारायची सोय नव्हती. समोर आत्या उभी होती. दोन तास भांडून तिचा चेहरा लालभडक झाला होता, श्वास वर लागला होता, आणि ती काकांकडे बोट दाखवून काहीतरी सांगायचा प्रयत्न करत होती, पण संतापानं शब्द फुटत नव्हता. मुलांनी एकमेकांकडे पाहिलं. पहिलवानानं तिला अलगद उचललं, स्ट्रेचरवर ठेवलं, कुणीतरी अंगावर पांघरूण घातलं. पंचवीस वर्षांत हेडबाईंना कुणी असं आडवं केलं नव्हतं. चौघांनी दांडे खांद्यावर घेतले आणि वरात दवाखान्याच्या खोलीकडे निघाली. मागे रेक्टर, मोज्यांत, ओठ हलवत. बहुधा प्रार्थना करत असावेत.

धाकटा पुढच्या डाव्या दांड्याला होता.

आई त्याच्याकडे बघत होती. आधी तिला वाटलं तो रडतोय, कारण त्याचे खांदे हलत होते. मग दिसलं की तो हसतोय. चौघंही हसत होते. आवाज काढायचा नव्हता, म्हणून ते हसू त्यांच्या पाठीतून, गुडघ्यांतून, दांड्यांतून जात होतं आणि वर आत्या हलत होती. पहिलवानाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. धाकट्याचा पाय अडखळला, तेव्हा मागच्यानं न बघता त्याचं वजन आपल्याकडे घेतलं.

वडील गेल्यापासून आईनं त्याला असं हसताना पाहिलं नव्हतं. ती बाकावर बसली. तिला कळलं की मुलगा इथे सुखात आहे. आचाऱ्यानं सांगितलेल्या उशीवरून आणि बुटांवरून जे दोन दिवस वाद घालूनही कळलं नसतं ते तिला एका क्षणात कळलं, आणि तिला अतिशय वाईट वाटलं.

*

चारला बरोबर लांब, सलग घंटा झाली आणि सगळी इमारत एकदम बोलू लागली. वकिलाचा आवाज सर्वांत वर होता. धाकटा भेटीच्या खोलीत आला तेव्हा चौघं सकाळच्याच खुर्च्यांवर होते. आत्याच्या काखेत अजून थर्मामीटर होतं, कारण ते काढायला कुणी सांगितलं नव्हतं.

"आणि आई, मी अर्ज लिहिलाय," धाकटा म्हणाला, मधले पाच तास गेलेच नव्हते अशा थाटात. "पण माझ्याकडून सही होत नाहीये."

काका आणि आत्या दोघांनीही तोंड उघडलं आणि दोघांनाही आपण आता कुणाच्या बाजूचे आहोत ते आठवेना.

"का रे?" आजोबांनी विचारलं.

"आईला विचारायचंय." तो आईसमोर खाली बसला, जमिनीवर. "मी इथे येऊ का म्हणून विचारलं तेव्हा तू म्हणालीस, देवाची इच्छा. पहिल्या वर्षी तापानं फणफणलो, पत्रात लिहिलं की परत यावंसं वाटतंय. तू लिहिलंस, देवाची इच्छा. देवाची इच्छा मला इथे रोज सकाळी साडेपाचपासून सांगतात, आई. तुझी काय आहे?"

"असं विचारू नये," आत्या म्हणाली. "आईनं मध्ये येऊ नये म्हणूनच ती..."

"आत्या, थांब जरा." तो आवाज चढवून बोलला नाही, पण आत्या थांबली. "अर्जात लिहायचं असतं की मी स्वतःला अर्पण करतोय. सहा महिने मी त्या ओळीवर अडलोय. काकांना माझे हात हवेत. आत्याला घरात एक फादर हवा. मी कुणाला हवा आहे, नुसता मी, ते मला माहीत नाही. कुणालाच नको असलेली वस्तू देवळात नेऊन ठेवली तर तिला अर्पण म्हणत नाहीत. घरातली अडगळ काढली म्हणतात."

काकांनी खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर कुणीतरी टाकलेल्या कुदळी गोळा करत होतं.

आईनं पर्स खाली ठेवली. तिच्या जिभेवर तेच शब्द आले होते, सवयीनं. ते तिनं गिळले.

"अस्तर शिवताना कापडाचं दुसरं टोक कुणीतरी धरावं लागतं," ती म्हणाली. "आधी तुझे बाबा धरायचे. मग तू दोन महिने धरलंस. सहा वर्षं झाली, मी ते टोक खुर्चीला बांधते. भाऊजी विचारतात, वहिनी, धरू का. मी नको म्हणते."

काकांनी मान हलवली. खरंच विचारायचे ते.

"नवरा गेल्यावर पोराला अडकवून ठेवलं असं होऊ नये म्हणून मी बोलले नाही. मला वाटलं, न बोलणं म्हणजे मोठं मन." ती थांबली. "आज दुपारी तो पहिलवान तुझ्या साली काढत होता. मला त्याचा राग आला. नंतर या ताईंना उचलून नेताना तू हसत होतास, तेही पाहिलं. तू इथे सुखात आहेस. मला दिसलं ते. तरी मला तू घरी हवा आहेस. रोज हवा आहेस. फादर म्हणून नाही आणि सुतार म्हणूनही नाही."

कुणी काही बोललं नाही. या शांततेला नियम नव्हता.

धाकट्यानं तिच्या गुडघ्यावर डोकं टेकलं आणि बराच वेळ तसंच ठेवलं. मग झग्याच्या बाहीनं तोंड पुसलं, खिशातून चार घड्या घातलेला कागद काढला आणि खिडकीच्या कठड्यावर पसरला. आजोबांनी वाऱ्यानं उडू नये म्हणून त्याच्या कोपऱ्यावर आपला अंगठा ठेवला.

"आता देण्यासारखं काहीतरी आहे माझ्याकडे," धाकटा म्हणाला आणि त्यानं पेन उघडलं.

त्यानं एकदा वळून आईकडे पाहिलं. ती त्याच्याकडेच बघत होती, रडत होती, आणि काहीच लपवत नव्हती. तिनं आपले शब्द मागे घेतले नाहीत, आणि त्यानंही सही पुरी होईपर्यंत पेन खाली ठेवलं नाही.